वायर उपटलेला फोन

नाटकात आवाज देणाऱ्या माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं. आवाज चुकला की मात्र पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांच्या माना मागे वळतात. टेपबाईंना हा हिशेब एकतीस वर्षं मान्य होता, कारण माना वळण्याची वेळच त्यांनी फारशी येऊ दिली नव्हती.

टेपबाई हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी त्या या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून आल्या, म्हणजे विंगेत उभं राहून नट विसरले की वाक्यं कुजबुजायला. एके दिवशी टेप चालवणारा तापाने फणफणला. "बाई, आजच्या दिवस तेवढी टेप बघा," असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या जे त्या खुर्चीत बसल्या ते कायमच्याच. मोठ्या चकत्यांची टेप गेली, कॅसेट आल्या, कॅसेट गेल्या, सीडी आल्या. टेपबाई हे नाव तेवढं चिकटून राहिलं.

कामाची खुबी त्यांना कुणी शिकवली नव्हती. टेपचं बटण दाबल्यापासून चाकं फिरून स्पीकरमधून आवाज यायला साधारण अर्धा सेकंद लागायचा. नटाने "कोण आहे?" म्हटल्यावर बटण दाबलं तर दार वाजायला उशीर झालाच म्हणून समजा. म्हणून बटण शब्दावर दाबायचं नसतं, शब्दाच्या आधी नट जो श्वास घेतो त्याच्यावर दाबायचं. प्रत्येक यंत्राची खोड वेगळी, प्रत्येक नटाचा श्वास वेगळा. ही बेरीज-वजाबाकी टेपबाईंचं बोट करायचं, डोक्याला त्याची खबरही नसायची.

अशा बाईंपुढे या वर्षी लॅपटॉप आला.

दिग्दर्शकाने दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीत पाहिलं होतं, सगळे आवाज लॅपटॉपवरून. "बाई, एका क्लिकवर सगळं होतं," तो म्हणाला. 'एका क्लिकवर' हे शब्द नेहमी तोच माणूस वापरतो ज्याला स्वतःला क्लिक करायचं नसतं. पण टेपबाई नव्याला नाकं मुरडणाऱ्यातल्या नव्हत्या. सीडी आली तेव्हाही त्यांनी आठ दिवसांत ती हाताखाली घातली होती. त्यांनी दिराला बोलावलं.

दीर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. स्वभावाने चांगला, फक्त आपल्याला सगळं येतं हा एक आजार सोडला तर. तो स्वतः गाण्यांसाठी जे संगीताचं सॉफ्टवेअर वापरायचा तेच त्याने कंपनीच्या लॅपटॉपवर टाकून दिलं. पडद्यावर रंगीत चौकोनांची रांग आली. एकेका चौकोनात एकेक आवाज: कारखान्याची घरघर, दाराची घंटा, काच फुटणे, गाडी थांबणे, फोन. चौकोनावर टिचकी मारली की आवाज.

"झालं वहिनी, आता तुम्ही नुसतं बसून राहा," दीर म्हणाला. "चहा पीत पीत प्रयोग करा."

"भावोजी, चौकोन आधी लुकलुकतो कशाला हा?"

"लुकलुकतो म्हणजे तयार होतोय. तुम्ही नका त्यात डोकं घालू."

आणि टेपबाईंनी डोकं घातलं नाही. ही त्यांची चूक. पुढे जे रामायण घडलं त्यात त्यांची म्हणावी अशी चूक एवढीच.

नाटक साधंच होतं. कारखान्याशेजारच्या घरात एक म्हातारा राहतो. मुलगा भांडून निघून गेलाय, त्याच्या फोनची वाट बघत म्हातारा तीन अंक काढतो. तिसऱ्या अंकात त्याचा धीर सुटतो. "आता नाही यायचा फोन. काढून टाकतो ही ब्याद," असं म्हणून तो भिंतीतून फोनची वायर उपटायला वाकतो, आणि त्याच क्षणी फोन वाजतो. सगळं नाटक त्या एका घंटीवर उभं होतं. म्हाताऱ्याचं काम करणारा नट मोठा होता, म्हणजे कामाने मोठा आणि रागानेही. कंपनीत सगळे त्याला दादा म्हणायचे.

पहिल्या प्रयोगाला दादा वाकले. प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीतून टेपबाईंनी त्यांचा श्वास बघितला आणि नेमक्या वेळी टिचकी मारली. चौकोन लुकलुकला. आवाज नाही. दादांचा हात वायरीपर्यंत पोचला. आवाज नाही. आता नट काय करणार? संहितेत लिहिलंय उपट, हात वायरीवर आहे, त्यांनी ती सटकन उपटली. दोन हात लांब वायर हातात लोंबकळतेय, आणि मग फोन खणखणीत वाजला.

आठशे माणसं एकदम हसली. म्हातारा एका हातात उपटलेली वायर आणि दुसऱ्या हातात रिसीव्हर घेऊन "बाळा, तू आहेस का?" म्हणाला, तेव्हा तर मागच्या रांगेत कुणीतरी हसता हसता खोकायला लागलं. नाटकातला सर्वांत हळवा प्रसंग होता तो. टेपबाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

प्रयोगानंतर दादा मेकअप न पुसताच गाडीत जाऊन बसले. बोलला तो दिग्दर्शक. "बाई, डुलकी लागली होती का?"

"मी वेळेवर दाबलं होतं."

"यंत्र दाबल्यावर वाजतं बाई. यंत्राला मूड नसतो."

आता खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. आवाज रोज सारखाच उशिरा आला असता तर टेपबाईंनी दोन दिवसांत तो जेरबंद केला असता. अर्धा सेकंद काय, दीड सेकंद उशीर असता तरी तेवढं आधी दाबायचं, विषय संपला. पण हे यंत्र लहरी होतं. कधी टिचकीसरशी आवाज यायचा, कधी अर्ध्या सेकंदाने, कधी जवळजवळ दोन सेकंदांनी. आधी दाबलं तर तेव्हाच नेमका लगेच यायचा. दाराची घंटा, पाहुणा विंगेतून निघायच्या आधी वाजायची. काच फुटायची तेव्हा दगड मारणारा हात खाली घेऊन उभा असायचा. एकतीस वर्षांत जे बोट कधी चुकलं नाही त्या बोटाचं काय करावं हेच त्यांना कळेना.

त्यांनी लॅपटॉप घरी आणला. जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि फोनच्या चौकोनावर टिचकी मारली. लगेच वाजला. बंद केला, पुन्हा मारली. लगेच. चाळीस वेळा मारली, चाळीसही वेळा लगेच वाजला. एकविसाव्या वेळी नवरा अंगाला साबण लावलेला तसाच न्हाणीघरातून धावत आला, आणि घरातला खरा फोन उचलून "हॅलो, हॅलो" करायला लागला.

"तो नाही हो वाजत, हा वाजतोय."

"मग उचल की तो," नवरा म्हणाला, आणि पाणी निथळत परत गेला.

टेपबाईंना हसू आलं नाही. यंत्र घरी बिनचूक चालतंय. मग चूक कुणाची राहिली? त्यांनी आपला उजवा हात टेबलावर पसरला आणि बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिल्या. आईचे हात याच वयात थरथरायला लागले होते. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली, साधी, उघडी भीती, की आपलं संपलं.

नवऱ्याने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोक्यावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबायचं. दहा मिनिटांनी कागद बघून ते म्हणाले, "कान विशीतल्या मुलीसारखे आहेत तुमचे."

"आणि हात?"

"हाताचं मी बघत नाही."

तोवर तीन प्रयोग झाले होते आणि दिग्दर्शकाने सांगून टाकलं होतं, "बाई, पुढच्या दोन प्रयोगांत सुधारलं नाही तर दौऱ्याला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटण्यासारखं बोलायचं आणि वाटून घेऊ नका म्हणायचं, ही मोठ्या पदावरच्या माणसांची जुनी सवय. टेपबाईंना दौऱ्याची हौस नव्हती. त्यांना ती खुर्ची हवी होती. त्या खुर्चीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं, आणि तिच्यावरून कुणीतरी आपल्याला 'आता होत नाही' म्हणून उठवावं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दादा मात्र हुशार. पोळल्यावर ते सावध झाले होते. फोन येईल कधी याचा भरवसा नाही म्हटल्यावर त्यांनी वायर उपटणंच सोडलं. ते वाकायचे, वायर मुठीत धरायचे आणि तसेच थांबायचे. मूठ आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची. घंटी येईपर्यंत म्हातारा त्या वायरीशी आतल्या आत झगडत राहायचा. प्रेक्षागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी. वर्तमानपत्रात परीक्षण आलं आणि त्यात अर्धा रकाना त्या थांबलेल्या हातावर होता. दादा ते कात्रण पाकिटात घालून फिरायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे खरी, पण इथे वाकड्या अंगणात कुणीतरी फार सुंदर नाचलं होतं, आणि अंगण वाकडं केल्याचा ठपका तेवढा टेपबाईंवर होता.

पाचवा प्रयोग दुपारचा होता. दुसऱ्या अंकात कारखान्याच्या घरघरीवर एक वाद्यांचा तुकडा वाजतो, मागे मंद ठेका असलेला. त्यावर काच फुटते. टेपबाईंनी टिचकी मारली, चौकोन लुकलुकला, आणि काच फुटली.

टेपबाई ताठ झाल्या. काच ठेक्याच्या समेवर फुटली होती. अगदी तबलजीने मान हलवून "वा" म्हणावं अशी, पहिल्या मात्रेवर.

काच कशी समेवर फुटेल? दगड समेवर येतो का? त्यांनी पायाने ठेका धरला. पुढे दाराची घंटा होती. पाहुण्याची एन्ट्री बिघडली तर बिघडो, असं म्हणून त्यांनी मुद्दाम ठेक्याच्या मध्येच टिचकी मारली. चौकोन लुकलुकत राहिला. एक, दोन, तीन. सम आली आणि घंटा वाजली. पुन्हा गाडी थांबण्याच्या आवाजाला तेच. वाद्यांचा तुकडा संपला होता, नुसती घरघर चालू होती, तरी त्यांच्या पायाचा ठेका आणि यंत्राची सम एकमेकांना सोडत नव्हते.

म्हणजे हात बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. टेपबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं कमी नि संतापाचं जास्त होतं.

मध्यंतरात त्यांनी दिराला फोन लावला. "भावोजी, तुमचं यंत्र समेची वाट बघतं."

"मग?" दीर म्हणाला. "संगीताचं सॉफ्टवेअर आहे वहिनी, समेवर नाही येणार तर कशावर येणार? एकदा कुठलाही आवाज चालू झाला की ते आत मात्रा मोजायला लागतं. मग पुढचं काहीही दाबा, ते सम आल्यावरच सोडतं."

टेपबाईंना घरचे चाळीस फोन आठवले. घरी दुसरं काही वाजत नव्हतं, म्हणून यंत्र वाट बघायला थांबलं नाही. प्रयोगात पडदा उघडल्यापासून कारखान्याची घरघर चालू.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? मीच ठेवलं ना तसं. म्हटलं वहिनींचं वय झालं, हात जरा मागेपुढे झाला तर यंत्र सांभाळून घेईल."

ज्याच्यापायी त्या महिनाभर झोपल्या नव्हत्या, कानाच्या डॉक्टरपर्यंत जाऊन आल्या होत्या, ते त्यांच्यावरचे उपकार होते.

"भावोजी, दारावर येणारा माणूस समेवर येतो का हो? पोरगा बापाला फोन करतो तेव्हा ताल धरून करतो का? माझा हात मागेपुढे होतो असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"चिडू नका वहिनी. वरच्या कोपऱ्यात '१ बार', म्हणजे एक आवर्तन, असं लिहिलंय बघा. तिथे दाबा, 'काही नाही' निवडा. एक क्लिक आहे."

एक क्लिक. टेपबाईंनी फोन ठेवला, खोलीत गेल्या आणि ती एक क्लिक केली.

तिसऱ्या अंकात दादा वाकले, त्यांनी श्वास घेतला, आणि संहितेत लिहिल्याप्रमाणे, एकतीस वर्षांच्या सवयीप्रमाणे, फोन तिथल्या तिथे वाजला. दादांचा हात अजून वायरीपर्यंत पोचलाही नव्हता. वर्तमानपत्रात आलेला तो थांबलेला हात हवेतच राहिला. दादांनी रिसीव्हर उचलला, पण मागे काचेच्या खोलीकडे असं बघितलं की दिवे देणारासुद्धा खुर्चीत खाली सरकला.

पडदा पडताच दादा मेकअपसकट वर आले. "बाई, माझा पॉज खाल्लात तुम्ही! घाई कसली झाली होती?"

टेपबाईंनी सांगितलं. सम, मात्रा, घरघर, कोपऱ्यातली ती पाटी, सगळं सांगितलं. दादांनी ऐकलं नाही, दिग्दर्शकाने अर्धं ऐकलं. "म्हणजे मशीन नीट चाललं होतं आणि तुम्ही त्याला हात लावलात," तो म्हणाला. "होतं तसं करून ठेवा."

उशिरा आवाज आला म्हणून बोलणी खाल्ली, आता वेळेवर आला म्हणूनही खाल्ली. टेपबाई घरी गेल्या आणि न जेवताच आडव्या झाल्या. पण होतं तसं मात्र त्यांनी केलं नाही. थांबायचंच असेल तर आपण थांबू, त्यांनी ठरवलं. यंत्राला काय कळतंय कुणासाठी थांबायचं ते.

सहाव्या प्रयोगाला दादांनी वायर मुठीत धरली. टेपबाईंचं बोट चौकोनावर होतं. त्यांनी मूठ बघितली. ती आवळली, सैल पडली, पुन्हा आवळली, आणि तिसऱ्यांदा आवळताना मनगट जरासं मागे गेलं. आता हा म्हातारा खरंच उपटणार. तिथे त्यांनी टिचकी मारली. प्रेक्षागृहात कुणीतरी हुंदका दिला. दादा रिसीव्हर कानाला लावून रडले, आणि ते रडणं संहितेत नव्हतं.

"बघा!" दिग्दर्शक नंतर सगळ्यांसमोर म्हणाला. "सेटिंग लागलं शेवटी. मी म्हणत होतो ना, मशीनवर सोपवा म्हणून."

"ते सेटिंग नाही," टेपबाई म्हणाल्या. "ते मी..."

"हो हो, तुम्हीच लावलंत, मान्य. आता कुणी हात लावू नका त्याला." मग आवाज हळू करून तो आपुलकीने म्हणाला, "बाई, आता दौऱ्याची दगदग तुम्ही करू नका. आपला मॅनेजर दाबेल बटणं. आता काय, कुणीही दाबू शकतं."

टेपबाईंनी पुढे काही सांगायचा प्रयत्न केला नाही. सांगून सांगून त्यांचं तोंड दुखलं होतं. त्यांनी आपला चष्मा आणि पाण्याची बाटली उचलली. दौऱ्याची गाडी दोन दिवसांनी त्यांच्याशिवाय गेली. त्या घरी बसल्या आणि भांड्यांवर राग काढत राहिल्या. नवरा शहाणा, तो दोन दिवस वाचनालयातच जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. मागे कुणीतरी जोरजोरात बोलत होतं, आवाज दादांचा होता.

"बाई, काल फोन वाक्यावरच वाजला. दादा वाकलेसुद्धा नव्हते. दादा म्हणतायत आज मी उभा राहणार नाही. ते दोन-तीन सेकंद कुठे असतात? कुठल्या सेटिंगमध्ये?"

"सेटिंगमध्ये नाहीत."

"मॅनेजरने सगळे मेनू उघडून बघितले. तुम्ही फक्त नाव सांगा, मी लिहून घेतो."

"दादांची मूठ तिसऱ्यांदा आवळली की मनगट मागे जातं," टेपबाई म्हणाल्या. "तेव्हा मी दाबते. कधी दोन सेकंद होतात, कधी चार. लिहून घ्या."

तिकडे पेनाचं टोपण परत लावल्याचा आवाज आला.

"म्हणजे... ते ऑटोमॅटिक नव्हतं?"

"नव्हतं. कधीच नव्हतं. आजचा प्रयोग किती वाजता आहे?"

"साडेचारला."

"मग आत्ताच गाडी पाठवा. आणि त्या मॅनेजरला म्हणावं, खुर्चीतून ऊठ."